मूत्रपिंडाचे विकार : कारणे, निदान आणि उपचार



लेवीय पुस्तक वाचताना ‘गुरदे’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. गुरदे म्हणजे मूत्रपिंडे, ज्यांना आज घरोघरी आपण किडनी म्हणतो. मूळ इब्री भाषेत मूत्रपिंडाचा हा शब्द माणसाच्या मनाच्या अगदी आतल्या भागासाठीही वापरत. स्तोत्रसंहितेच्या १३९ व्या स्तोत्रात, १३ व्या वचनात, मराठी वाचकाला ‘अंतर्याम’ भेटते. मूळ भाषेत तेथे मूत्रपिंडेच आहेत. पाठीच्या बाजूला, फासळ्यांच्या खालच्या टोकाशी लपलेला हा अवयव खरोखरच आतला आहे. आणि त्याची मोठी अडचण अशी की आजारी पडला तरी तो फार काळ बोलत नाही.

दात ठणकतो, पोट मुरडते, कान दुखतो. आपण लगेच उपाय शोधतो. मूत्रपिंडे मात्र निम्मी निकामी झाली तरी माणूस शेतावर जातो, मोळी आणतो, लग्नात नाचतो. अंगावर सूज चढते, धाप लागते, जेवणाची वासना जाते, तेव्हा तो दवाखान्यात येतो. तोवर बहुधा फार थोडे शिल्लक उरलेले असते. शहरातल्या माणसाच्या हाताशी निदान डायलिसिस केंद्र असते. धडगाव, मोखाडा किंवा भामरागडच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाचे काय? म्हणून या पाठात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : हा आजार लवकर ओळखणे स्वस्त आहे आणि उशिरा ओळखणे अतिशय महाग.

मूत्रपिंडे काय काम करतात?

आपल्याला दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येक साधारण मुठीएवढे, १० ते १२ सेंटिमीटर लांब. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे पाणी व उपयोगी क्षार परत रक्तात घेतात, आणि उरलेली घाण दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर टाकतात.

एवढ्यावर त्यांचे काम संपत नाही. शरीरातले मीठ, पाणी, पोटॅशियम आणि आम्ल यांचा तोल तीच राखतात. रक्तदाब ताब्यात ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप हाडांच्या मगजाला ती देतात, आणि हाडांसाठी लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व कामाला येईल अशा रूपात आणतात. म्हणून मूत्रपिंडे बिघडली की केवळ लघवीची तक्रार येत नाही. रक्तदाब चढतो, रक्त कमी होते, हाडे दुखतात, थकवा येतो. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही अशा रुग्णाची मूत्रपिंडे तपासली पाहिजेत, ती यासाठीच.

निदान : तीन साध्या तपासण्या

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली एक साधी गोष्ट लिहून ठेवली. अंगावर सूज असलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ होते. आणि अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर पाहिले तर मूत्रपिंडे खराब झालेली दिसतात. निरोगी गाळणी रक्तातली प्रथिने सोडत नाही. ती लघवीत आली, म्हणजे गाळणी फाटली. आजची तपासणी याच पायावर उभी आहे.

पहिली तपासणी रक्तदाबाची. वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतो, आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब वाढवते. दोहोंपैकी सुरुवात कोठून झाली हे पुढे पाहता येते. आधी मोजमाप हवे.

दुसरी लघवीची. रंगीत चौकोन असलेली कागदी-प्लास्टिकची पट्टी लघवीत बुडवली की दोन मिनिटांत प्रथिने, रक्त आणि साखर आहे की नाही ते कळते. वीज लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. मधुमेही माणसात मात्र पट्टीत न दिसणारी अगदी थोडी प्रथिनेही शोधावी लागतात. त्यासाठी लघवीतल्या अल्ब्युमिनचे प्रमाण मोजणारी वेगळी तपासणी वर्षातून एकदा करतात.

तिसरी रक्तातल्या क्रिएटिनिनची. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. प्रौढ माणसात ते साधारण ०.६ ते १.२ मिलिग्रॅम असते. येथे एक सावधगिरी लागते. ज्याच्या अंगावर मांसच नाही, त्याच्यात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या स्त्रीच्या कागदावर १.१ हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून छापून येईल, पण तिची मूत्रपिंडे निरोगी असतीलच असे नाही. म्हणून डॉक्टर क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष हे धरून गाळण्याचा वेग काढतात. हा वेग ९० च्या वर असावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार समजतात; १५ च्या खाली गेला तर मूत्रपिंडे निकामी झाली असे म्हणतात.

गरजेप्रमाणे सोनोग्राफी करतात. तिच्यात मूत्रपिंडाचा आकार, खडा किंवा तुंबलेली लघवी दिसते. काही थोड्या रुग्णांत सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

आता नेहमी दिसणारे विकार एकेक करून पाहू.

१. मधुमेह आणि रक्तदाब

मूत्रपिंडे कायमची निकामी होण्याची ही दोन सर्वांत मोठी कारणे आहेत. वाढलेली साखर सूक्ष्म गाळण्यांच्या भिंती हळूहळू जाड आणि गळक्या करते. सुरुवातीला काहीही जाणवत नाही. ‘मला काही त्रास नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारा मधुमेही याच काळात आपले नुकसान करून घेतो.

उपचार ठरलेले आहेत. साखर आटोक्यात ठेवणे, रक्तदाब साधारण १३०/८० च्या खाली आणणे, तंबाखू आणि विडी सोडणे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधे मूत्रपिंडांचे रक्षणही करतात आणि लघवीतून जाणारी प्रथिने कमी करतात. अलीकडे मधुमेहासाठी निघालेले डॅपाग्लिफ्लोझिन हेही आजाराचा वेग कमी करते. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. वरच्या चार रक्तदाबाच्या गोळ्या गर्भवतीला देत नाहीत, आणि जुलाब-उलट्या होत असताना त्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात.

मिठाविषयी दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता नाही, इतके मीठ सांगते. शहरात ते लोणचे, पापड, फरसाण यांतून येते. पाड्यावर भाकरीबरोबर बहुधा मीठ-मिरचीची चटणी किंवा खारवलेली सुकी मासळी असते, कारण दुसरे कालवण परवडत नाही. अशा घरी ‘मीठ कमी खा’ एवढे सांगून भागत नाही. चटणीत मीठ अर्धे आणि लिंबू, चिंच, लसूण अधिक, असा हाताशी असलेला मार्ग दाखवावा लागतो.

२. लहान मुलांची सूज

सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले, चेहरा भरलेला. आईला वाटते बाळसे धरले, आजीला वाटते नजर लागली. कुपोषणातही पायांवर सूज येते, म्हणून अंगणवाडीतही गफलत होऊ शकते. लघवीची पट्टी बुडवली की बराच उलगडा होतो. या सुजेचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार घसादुखी किंवा त्वचेच्या फोडांनंतर येतो. खरूज खाजवून खाजवून पिकते, त्यात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू शिरतात. फोड सुकून गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी, घसादुखी असेल तर एक-दोन आठवड्यांनी, शरीराची जंतूंशी चाललेली लढाई मूत्रपिंडांवर उलटते. लघवी कमी होते, काळ्या चहासारखी दिसते, रक्तदाब चढतो. मुलाला रुग्णालयात ठेवून मीठ व पाणी मोजून देतात, लघवी वाढवणारी आणि रक्तदाबाची औषधे देतात. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. पण चढलेल्या रक्तदाबाकडे दुर्लक्ष झाले तर झटके येऊ शकतात, म्हणून घरी बसवून ठेवू नये.

एका खोलीत, एकाच चटईवर चार-चार मुले झोपतात तेथे खरूज एकाकडून सर्वांकडे जाते. एकट्या मुलाला मलम लावून काही होत नाही. खोलीतल्या सर्वांना एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत औषध लावायचे, कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालायची, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी औषध पुन्हा लावायचे. वसतिगृहात साबण, पुरेसे पाणी आणि प्रत्येकाला स्वतंत्र अंथरूण देणे हे मूत्रपिंडांचे रक्षण करण्याचेच काम आहे.

दुसरा प्रकार बहुधा दोन ते सहा वर्षांच्या मुलांत दिसतो. त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. यात गाळणी एवढी गळते की लघवीतून प्रथिनांचा लोंढा जातो, लघवीला फेस येतो, पोट आणि पायही सुजतात. प्रेडनिसोलोन हे औषध बहुसंख्य मुलांना लागू पडते. पहिल्या वेळी ते सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड देतात. बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांतच सूज उतरते. मूल बरे झालेले दिसते, औषधाने चेहरा गोल होतो, आणि आईवडील गोळ्या बंद करतात. आजार उलटतो. हा आजार पुष्कळ मुलांत पुन्हा पुन्हा येतोच, पण वाढत्या वयाबरोबर त्याचे येणे कमी होत जाते. म्हणून आईला घरीच सकाळची पहिली लघवी तपासायला शिकवतात : पट्टीने, नाही तर डॉ. ब्राइट यांच्याप्रमाणे तापवून. एका वहीत रोजची नोंद ठेवायची. अक्षर न येणारी आईसुद्धा ‘स्वच्छ’ला टिंब आणि ‘गढूळ’ला फुली मांडू शकते.

३. लघवीचा जंतुसंसर्ग

उन्हाळे लागणे, लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही याची लक्षणे. स्त्रियांत मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे आतड्यातले जंतू सहज वर चढतात. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असे समजावे आणि विलंब न करता डॉक्टर गाठावा.

लघवीची तपासणी आणि गरज असेल तेथे जंतूंची वाढ करून पाहणारी कल्चर तपासणी करून प्रतिजैविक देतात. दोन दिवसांत जळजळ थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. गर्भवतीला काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, आणि त्यातून तिला व बाळाला धोका पोहोचू शकतो. म्हणून गरोदरपणात लघवी तपासतातच. लहान मुलाला कारण न सापडणारा ताप असेल तर लघवी तपासावी. पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या मुलात मूत्रमार्गाच्या रचनेतच दोष असू शकतो.

मुलींच्या संसर्गाचे एक कारण औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. शौचालय घाण, दाराला कडी नाही, आत पाणी नाही. म्हणून मुलगी दिवसभर पाणी पीत नाही आणि लघवी अडवून धरते. कडी आणि नळ ही येथे औषधाइतकीच गरजेची वस्तू आहे.

४. मुतखडा आणि तुंबलेली लघवी

पाणी कमी आणि घाम जास्त असला की लघवी दाट होते, तिच्यातले क्षार साखरेच्या पाकात खडे धरावेत तसे जमतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. कमरेतून जांघेकडे येणारी कळ इतकी तीव्र असते की माणूस एका जागी बसू शकत नाही. सोनोग्राफी, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनने खड्याचे माप व जागा कळते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. मोठे खडे बाहेरून ध्वनिलहरींनी फोडतात किंवा दुर्बिणीने काढतात. रोज दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा पुन्हा खडा न होण्याचा मुख्य उपाय. दूध बंद करण्याची गरज नसते.

कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असे नाही. मार्गात अडकून बसलेला खडा दुखणे बंद झाल्यावरही मूत्रपिंड नासवतो, म्हणून शेवटी सोनोग्राफी करून खात्री करावी. खड्यासोबत ताप आला, किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय. वयस्क पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबते. ‘वयाने असे होतेच’ म्हणून आजोबा सोसत राहतात आणि मागे साठलेल्या दाबाने दोन्ही मूत्रपिंडे बिघडतात.

५. अचानक बंद पडणारी मूत्रपिंडे

काही आजारांत धडधाकट माणसाची मूत्रपिंडे काही तासांत किंवा दिवसांत काम थांबवतात. जोराचे जुलाब, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, बाळंतपणातला अतिरक्तस्राव आणि घोणसाचा दंश ही डोंगरी भागातली ओळखीची कारणे.

जुलाबात शरीरातले पाणी संपते, मूत्रपिंडांकडे रक्त पोहोचत नाही. जीवनजल वेळेवर दिले तर हे टळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सर्पदंशात आवळपट्टी बांधणे, चिरणे, चोखणे यातले काहीही करू नये. दंशाचा भाग हलू न देता, प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे. भगताकडे घालवलेले दोन तास मूत्रपिंडांना महागात पडतात. मात्र भगताला शत्रू करूनही काम होत नाही. ‘तुझे मंत्र तू गाडीत बसून म्हण, पण रुग्णाला आधी हलवू’ असे त्याला सोबत घ्यावे.

दिवसभरात दोन पेलेही लघवी झाली नाही, तर ती धोक्याची घंटा समजावी. या प्रकारात आशेला मोठी जागा आहे. वेळेवर उपचार आणि गरज पडल्यास थोडे दिवस डायलिसिस मिळाले, तर यातली बरीच मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागतात.

६. सिकलसेल आणि मूत्रपिंड

भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. हाडे-सांधे दुखणे आणि रक्त कमी होणे लोकांना ठाऊक असते. मूत्रपिंडांवर होणारा परिणाम क्वचितच सांगितला जातो. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात. तेथे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या बंद करतात. लघवी दाट करण्याची शक्ती लहानपणीच जाते. असे मूल वारंवार लघवीला जाते, मोठे झाले तरी अंथरूण ओले करते. त्याला रागावू नये. त्याला जास्त पाणी द्यावे, कारण अंगातले पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येतो. लघवीतून रक्त जाऊ शकते, पुढे प्रथिने जाऊ लागतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाची दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवी तपासावी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत नियमित घ्यावे.

दुखण्याच्या गोळ्या : आपणा मदतनिसांसाठी

आता थोडे आपल्याविषयी. शिबिरासाठी औषधे गोळा होतात तेव्हा खोक्यात सर्वांत जास्त निघतात त्या अंगदुखीच्या गोळ्या : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक. घरी उरलेल्या असतात, स्वस्त असतात, आणि घेणाराही खूश होतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही.

पण या गोळ्या करतात काय? अंगात पाणी कमी असते तेव्हा शरीर काही रसायनांच्या मदतीने मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवते. दुखणे कमी करताना या गोळ्या तीच रसायने बंद करतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेला मजूर सकाळी गोळी घेतो, दिवसभर उन्हात घाम गाळतो, पाणी थोडेच पितो. त्याच्या मूत्रपिंडांवर दुहेरी घाव बसतो. म्हातारी माणसे, रक्तदाबाचे रुग्ण, जुलाब होणारे आणि सिकलसेलचे रुग्ण यांना धोका आणखी जास्त. दुखते म्हणून गोळी घेणाऱ्या सिकलसेलच्या मुलाला आपणच नकळत दुसरा आजार देऊ शकतो.

म्हणून अशा गोळ्यांची पाकिटे वाटू नयेत. साध्या दुखण्याला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल मूत्रपिंडांसाठी पुष्कळ सुरक्षित आहे. शेक आणि विश्रांती यांचाही उपयोग होतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या नाव-पत्ता नसलेल्या पुड्या आणि भस्मे यांबाबतही सावध करावे. काहींत शिसे किंवा पारा असू शकतो. खोक्यात काही घालायचेच असेल, तर लघवीच्या पट्ट्या आणि रक्तदाब मोजण्याचे चांगले यंत्र घालावे.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर

भूक जाणे, मळमळ, अंगाला खाज, सूज, धाप, रात्री झोप न येणे ही शेवटच्या टप्प्याची लक्षणे. येथे दोन मार्ग असतात.

पहिला डायलिसिस. १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे पहिले यंत्र वापरले. आज रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करतात : आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. दुसऱ्या प्रकारात पोटात नळी बसवून घरीच दिवसातून तीन-चार वेळा द्रव भरतात व काढतात. त्याला यंत्र लागत नाही, पण हात धुण्याला पाणी, स्वच्छ कोपरा आणि द्रवाच्या पिशव्यांचा पुरवठा लागतो.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला. त्याखाली गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही सोय आहे. ही मोठीच गोष्ट आहे. तरी हिशोब करून पाहा. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. सातपुड्यातल्या पाड्यावरून नंदुरबारला एक फेरी म्हणजे एक दिवस गेला. सोबत्याचा दिवस धरला तर घरातून वर्षाला ३१२ दिवसांची मजुरी बुडाली. उपचार मोफत असूनही रुग्ण मध्येच येणे थांबवतो, याचे कारण बहुधा या हिशोबात असते. रेशनकार्ड-आधारचे कागद नीट करून देणे, गाडीभाडे देणे, शहरात दोन रात्री टेकायला जागा देणे, ही मदत करायला डॉक्टर असावे लागत नाही.

दुसरा मार्ग प्रत्यारोपण. १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसवले. भारतात पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्यातून ते उभे राहिले होते. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. जवळचे नातलग मूत्रपिंड देऊ शकतात. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर नीट जगतो. मेंदूमृत व्यक्तीचे नातेवाईकही अवयवदान करू शकतात. आपली इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवलेली बरी, कारण त्या कठीण घडीला निर्णय तेच घेतात.

प्रत्येकाला याच दोन मार्गांनी जाता येत नाही, आणि अतिवृद्ध किंवा अति आजारी रुग्णाला कधी डायलिसिसने आरामापेक्षा त्रासच जास्त होतो. अशा वेळी धाप, खाज, मळमळ आणि वेदना कमी करणारी औषधे आणि जवळ बसणारे माणूस हाही उपचारच आहे.

लक्षात ठेवण्यासारखे

वय चाळीसच्या वर, मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल, वारंवार मुतखडा, किंवा घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार; यांपैकी काहीही असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासावे.

चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, फेसाळ किंवा चहाच्या रंगाची लघवी, लघवी कमी होणे. यांवर घरगुती उपाय करीत थांबू नये.

पाणी पुरेसे प्यावे. पण सूज असलेल्या किंवा मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाने किती प्यावे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुखण्याची गोळी सल्ल्याशिवाय घेऊ नये, देऊ नये.

मार्च महिन्यातला दुसरा गुरुवार जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळतात. आपल्या मंडळीत त्या आठवड्याच्या उपासनेनंतर सर्वांचा रक्तदाब मोजता येईल. आपली स्वतःची तपासणी झालेली असली, की पुढच्या शिबिरात पाड्यावरच्या आजीला ‘आजी, लघवी तपासू या का?’ असे विचारणे सोपे जाते. ती आधी हसेल, पदर तोंडाला लावील. पण पट्टीचा रंग बदललेला तिने स्वतः पाहिला, की पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन तीच येईल.